सर्चमध्ये सापडलेली सून

अगं, बाळाच्या खाण्यापिण्याची माझी वेबसाइट आहे ना, तिचा सर्च रिपोर्ट बघत होते. ज्या लेखाला क्लिक कमी, तो नव्यानं लिहायचा, असं ठरवलेलं. 'बाळ जेवत नाही' हा लेख सगळ्यात तळाला. कोण काय शोधत तिथं पोचलं ते उघडलं, तर एक वाक्य दिसलं: 'सून लय रडायलीय लेकरू जेवत न्हाई काय करावं'.

सासूबाईंना वाचून दाखवलं.

"मीच की! मोबाइलला बोलून इचारलं. एका बाईनं लय धीराचं लिवलंय. तू बी वाच."

"आत्याबाई, ती बाई मीच."

"मग सोताचं तरी ऐक की!"

तो लेख काही मी बदलला नाही. बसून वाचला मात्र.