शरणप्पांची लाल झेंडी

पळायच्या शर्यतीत मी जिंदगीत एकदाच पहिल्या नंबरावर होतो, आन् तवाच मला आडवलं.

आमच्याकडं जुन्या रेल्वेचे रूळ काढून पळायला, सायकल चालवायला रस्ता केलाय, तिथली गोष्ट. गाडी बंद होऊन बारा वरसं झाली. आयोजकांनी रिटायर गेटमन शरणप्पांना जुन्या फाटकापाशी खुर्ची टाकून बसवलं होतं, निस्तं फोटोपुरतं. मी तिथं पोचलो, तर अप्पा लाल झेंडी धरून मधोमध उभे.

"थांब. म्होरं जायचं न्हाई."

"कामून अप्पा? मागचे मला गाठायलेत."

"थांब म्हणलं की थांबायचं."

लहानपणी शाळंला जाताना रोज त्याच झेंडीला थांबलेलो, पाय आपोआप थांबले. मागून बाकीचे पळणारे आले, तेबी थांबले. मी मनातल्या मनात शिव्या द्यायलो. तेवढ्यात अफजलपूरकडून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन आडव्या सडकेनं आला आन् आमच्या नाकासमोरून सुसाट गेला. ब्रेक फेल झालते. डायवर नुसता "सरका, सरका" वरडत होता. म्होरं तुरीच्या रानात जाऊन ट्रॅक्टर रुतला, म्हणून वाचला.

माझ्या अंगावरचा घाम गार पडला. मी अप्पांचे पाय धरले.

"अप्पा, तुमाला ट्रॅक्टर एवढ्या लांबून कसा दिसला?"

"ट्रॅक्टर तर मलाबी तुझ्यासंगंच दिसला." अप्पांनी मनगटावरचं घड्याळ माझ्याम्होरं धरलं. "सात चाळीसच्या पॅसेंजरची येळ झालती. आन् तुमी सगळे लाईनीवरून पळायलाव."