मशीनवरचा मिठाचा आकडा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या डायलिसिस केंद्राचे विश्वस्त माननीय किशोरशेठ, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या डॉक्टर शगुफ्ता मॅडम, आणि दिवसाआड माझ्या शेजारच्या पलंगांवर पडणाऱ्या मंडळींनो, सर्वांना साईनाथ हवालदाराचा नमस्कार.

निवृत्त झालो तरी संशय घ्यायची सवय सुटलेली नाही, हे आधीच सांगून ठेवतो. हार, शाल, पेढे सगळं छान आहे. पण मॅडमची बदली इतक्या घाईनं का? बढती आहे म्हणतात. असेल बुवा.

गेल्या उन्हाळ्यात आपण सगळेच तहानेनं हैराण होतो. घरी जाताना घसा कोरडा, परत येताना अंगावर सूज. आणि दोष कुणाचा? पेशंटचा! "पाणी ढोसता तुम्ही," असं इथंच ऐकवलं जायचं. वाडीवरचा आपला गोमा, तो बघा, मागं बसलाय. त्याच्या बायकोनं, बुधीनं तर घरातली कळशी शेजारणीकडे नेऊन ठेवली. माझ्यासमोर तिनं विचारलं, "खरं सांग रं, वढ्यावर जाऊन पितोस का?" तो रडकुंडीला आला. "नाय गं! देवाशपथ नाय. पन जीभ टाळ्याला चिकटती, मी काय करू?" मलाही वाटलं, गडी खोटं बोलतोय. मग एक दिवस त्याच्या फुप्फुसात पाणी भरलं आणि ऑक्सिजन लावून त्याला पनवेलला न्यावं लागलं.

मॅडमना संशय आला तो मशीनचा. आपलं रक्त ज्या द्रावणानं धुतलं जातं, त्यात सोडियम, म्हणजे साधं मीठच समजा, सगळ्या मशीनवर वाढवून ठेवलं होतं. त्यानं पायात गोळे कमी येतात, बीपी सहसा पडत नाही, पेशंट गुपचूप पडून राहतो. केंद्राचं नाव होतं. पण ते मीठ अंगात उरतं आणि घरी गेल्यावर छळतं. मॅडमनी ज्याच्या त्याच्या तब्येतीप्रमाणे आकडा हळूहळू खाली आणला.

सुरुवातीला गोळे आले, खोटं कशाला बोलू? मी तर हॉल डोक्यावर घेतला. मॅडम स्वतः माझी पोटरी दाबत म्हणाल्या, "हवालदारसाहेब, थोडं सोसा. तहान कमी झाली की मशीनला अंगातलं पाणीही कमी ओढावं लागेल, मग गोळेही थांबतील." तसंच झालं. गोमाची सूज उतरली, आणि बुधी त्याच्याशी पुन्हा नीट बोलू लागली.

लगेच बदली. वर तक्रारी गेल्या म्हणे. कुणाच्या? किशोरशेठ, तुम्ही हसताय. हसा, हसण्याला कलम नाही. पण मॅडम गेल्यावर तो आकडा पुन्हा वर जाणार नाही, एवढं या माइकवर सांगाल? नाही? बरं.

मग आमचं काय ठरलंय ते ऐका. सोमवारी पहिली पाळी गोमाची. सुई टोचण्याआधी तो आकडा दाखवायला सांगेल. मॅडमनी ठरवून दिलेला नसेल, तर टोचून घेणार नाही. त्याच्यानंतर मी, मग बाकीचे सगळे. एक पाळी चुकली तर काय होतं, ते या सभागृहात आमच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. भीती वाटते. तरी ठरलंय.

मॅडम, तुमच्यामुळे आम्ही मोकळा श्वास घेतोय, त्याबद्दल मनापासून आभार. व्यासपीठाचा मान राखण्यात कुठं कमी पडलो असेन, तर आजारी माणूस म्हणून पोटात घाला. सुई टोचायला हात मात्र आकडा बघूनच मिळेल.