वॉल्टरचं दुखणं

...आणि वर हा डॉक्टर मलाच विचारतो, 'दुखणं शून्य ते दहा, किती?' अरे, खाणीचं छत माझ्या पाठीवर कोसळलं तेव्हा त्यावर आकडे नव्हते रे छापलेले! तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं कोळसा खणला या डोर्सी रॅटलिफनं, आता मणका असा बसलाय की डावा मोजा चढवायचा तर बायकोला हाक मारावी लागते. अकरा वर्षं अफूच्या जातीच्या त्या गोळ्या घेतोय, दिवसाला चार, पाचवी कधी मागितली नाही. आणि आमचा डॉक्टर केंड्रिक, पोरगेला, डोळे सदा त्या कॉम्प्युटरच्या पडद्याला चिकटलेले, एका मंगळवारी म्हणतो काय, 'आजपासून दोन. नियम बदललेत.' झालं! चारच्या दोन! अहो, आमच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या उतारावर ब्रेकसुद्धा कोणी एकदम दाबत नाही!

आठ दिवस घाम, थरथर, जुलाब... झोपेचं नाव नाही. बायको ओपल म्हणाली, "अरे डोर्सी, डॉक्टरांना सांग की!" सांगितलं! तर म्हणे, आधी बाटलीत लघवी द्या, नशा करता का बघू. शहात्तराव्या वर्षी! चर्चमध्ये वर्गणीचं ताट फिरवणारा माणूस मी, आणि दाराबाहेर नर्स पहाऱ्याला! आणि परत आल्यावर पुन्हा तेच, 'शून्य ते दहा, किती?' म्हटलं सात. टकटक करून लिहून घेतलं. सातचं पुढे काय झालं, देव जाणे.

अशात मेडिकल कॉलेजातल्या प्रुइटबाईंचा फोन. गोड आवाज! "डॉक्टरांना शिकवायचंय हो, म्हाताऱ्या माणसांचं जुनं दुखणं कसं सांभाळायचं, या गोळ्या कशा द्यायच्या, कशा कमी करायच्या. तुम्ही फक्त पेशंटचं सोंग करायचं." गेलो, तर हातात कागद दिला. 'तुम्ही वॉल्टर. वय चौऱ्याहत्तर. पाठ दुखते. गोळ्या बंद होतील अशी धास्ती. तिसऱ्या मिनिटाला डोळ्यांत पाणी.' म्हटलं, बाई, सोंग कसलं, ही तर माझीच कुंडली! बाई म्हणाल्या, "आणि काही झालं तरी सोंग सोडायचं नाही हं!"

शनिवारी पाच डॉक्टर आले नि गेले. एक तर मी बहिरा असल्यासारखा ओरडला, 'शून्य ते दहाऽऽ, कितीऽऽ?' सहाव्यानं दार उघडलं... केंड्रिक! ओळखलं का मला? छे! आठ वर्षांत माझ्या तोंडाकडे बघितलंय कुठे त्यानं? पण काय सांगू तुम्हाला, खुर्ची ओढली, समोर बसला, डोळ्यांत डोळे घालून म्हणाला, "वॉल्टरकाका, आकडा राहू द्या. दुखण्यापायी काय करता येत नाही, तेवढं सांगा." "डावा मोजा," म्हटलं. तिसरं मिनिट लागायच्या आत डोळे वाहायला लागले, आणि ते काही कागदावरचे नव्हते. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "घाबरू नका. गोळ्या एकदम कमी करणं धोक्याचं. दर महिन्याला अगदी थोड्या थोड्या घटवू. नाही झेपलं, तर थांबू." बाहेर परीक्षकांच्या टाळ्या! त्याला शंभरपैकी शंभर!

मी हरखलो! मंगळवारी इस्त्रीचा शर्ट घालून दवाखान्यात हजर. पडद्याकडे बघतच विचारतो, "शून्य ते दहा, किती?" म्हटलं, "डॉक्टर, शनिवारी तुम्हीच म्हणालात ना, एकदम कमी करणं धोक्याचं?" आठ वर्षांत पहिल्यांदा मान वळली. "अरेच्चा, ते तुम्ही होय! छान केलंत हं!"

"मग माझ्या गोळ्या?"

"ते वॉल्टरचं झालं, मिस्टर रॅटलिफ. वॉल्टरला पंधरा मिनिटं होती. तुम्हाला सात आहेत, त्यातली चार गेली."

बोला आता! शिकवलं कुणी? मी! शिकला कोण? तो! आणि औषध मिळालं वॉल्टरला, जो जन्मालाच आलेला नाही!

इथवर संपलं म्हणता? परवा प्रुइटबाईंचं पत्र आलं. डॉक्टरांनी आम्हा सोंगाड्यांनाही गुण दिलेत म्हणे, तेही शून्य ते दहा! केंड्रिकनं लिहिलंय, 'दुखणं पटलं नाही. खरा पेशंट इतका रडत नाही. चार.' ओपल गुडघे टेकून माझा डावा मोजा चढवत होती, तिथूनच म्हणाली, "पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलंय. जाणार आहेस?"

जाणार तर! पंधरा मिनिटं मिळतात तिथं. फक्त बाईंनी बजावलंय... या खेपेला जरा खऱ्यासारखं दुखू द्या.