बाबाचा हुकूम

अबे, जहाजावरच्या खलाशाच्या परीक्षेत मी पहिल्यांदा नापास काहून झालो, सांगू? सुकाणू बराबर फिरवलं, पण गुपचूप फिरवलं. तिथं साहेबाचा हुकूम आला की आधी तोच मोठ्यानं म्हणायचा, मंग करायचा, अन् झाल्यावर झाला म्हणून सांगायचं. म्हणलं, आता ही सवय हाडात भिनवतोच.

हिवरखेडहून भाजी भरून बाबासंग टेम्पोनं अकोल्याले आलो. मी चालवून राहिलो होतो. जठारपेठेत बाबा म्हणे, “डावीकडे घे.”

मी वरडलो, “डावीकडे घे!” वळवला अन् पुन्हा वरडलो, “डावीकडे घेतला!”

“हळू चालव.”

“हळू चालव! हळू केला!”

“काहून बे, बापाले वेडावून राहिला?”

सारं समजावून सांगितलं, तवा कुठं बाबाचा उचललेला हात खाली आला.

दुसऱ्या खेपेले परीक्षेले निघालो तर बाबा टेशनावर म्हणे, “पास होऊन घरी ये.”

साऱ्या फलाटासमोर मी वरडलो, “पास होऊन घरी ये!”

निकाल लागला तसा फोन केला. “बाबा, पास झालो! आता चार दिवस दोस्तांसंग मुंबईतच राहतो.”

बाबा म्हणे, “हुकूम अर्धाच झाला बे. घरी येनं राहिलं.”