बाण दाबत कन्नडला

तुम्हाला सांगतो, आईचे गुडघे दुखायला लागले आणि तिचं कन्नडला जाणं बंद झालं. आम्ही कन्नड सोडून शहरात पुंडलिकनगरला राहायला आलेलो, पण तिचा जीव कन्नडच्या जुन्या गल्लीत. म्हणून मी काठीला मोबाईल बांधून तिथं गेलो, दर दहा पावलांवर चहूबाजूंचे फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर जोडले. बाण दाबला की गल्लीत पुढं जाता येतं.

आई बाण दाबत निघाली. ओट्यावर तिची मैत्रीण सुमनमावशी बसलेली दिसली. आई खूश! पुढच्या फोटोत मावशी उठून उभी, त्याच्या पुढच्यात ओटा रिकामा.

आईचा चेहराच उतरला. तिनं तडक फोन लावला. "सुमे, माझ्या पोराला बघून आत गेलीस व्हय गं?"

"अगं, त्याला पाणी आणायला गेले. बाहेर येऊन बघते तर हा गायब!"

मी आपला मोबाईलकडं बघत पुढं निघून गेलेलो. त्या उन्हाळ्यात कन्नडला टँकर आठवड्यातनं एकदा यायचा.

आईनं फोन ठेवला. "उद्या सकाळच्या एसटीनं जा आणि तिच्या घरचं पाणी पिऊन ये," ती म्हणाली. "फोटो नाय काढले तरी चालतील."