गेटवर अडवलेली घडीची सायकल

आजच्या सत्कार समारंभाचे अध्यक्ष विजयसिंह साहेब, व्यासपीठावर दाटीवाटीनं बसलेली मोठी मंडळी, समोरचे फौंड्रीतले माझे बंधू-भगिनी, आणि ज्यांच्या गळ्यात आजचा हार पडणार आहे त्या वाळू तपासणी विभागाच्या विजयमाला मॅडम, या मीरासाबचा सगळ्यांना नमस्कार.

मी गेटवरचा माणूस. समोरच्याचे आधी हात बघतो, मग तोंड. या हारातली फुलं कालची असावीत असाही मला संशय आहे. पण ते असू द्या.

मॅडम हुपरीच्या. घडीची सायकल दुमडून एसटीत घेऊन बसायच्या, कोल्हापूरच्या अलीकडं फाट्यावर उतरायच्या आणि तिथून इथं शिरोलीला फौंड्रीपर्यंत ती चालवत यायच्या. फाट्यावर दुसरी बस मिळत असताना हा खटाटोप कशाला? मी एकदा विचारलंच. म्हणाल्या, "बस बदलण्यात तास जातोय की. हिच्यावर वीस मिनटांत येतो मी." उत्तर सरळ होतं. पण सरळ उत्तरावर गेटवरच्या माणसानं विश्वास ठेवायचा का?

नऊ वर्षांपूर्वी स्टोअरमधलं निकेल कमी भरलं. धातू महागाचा, तुकडे बोटभर. त्याच आठवड्यात मॅडम गेटवर थांबल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, "मीरासाबभाई, वर्षभरात माझं काय चुकलं असंल तर क्षमा करा." आता तुम्हीच सांगा, काही केलं नसताना माणूस माफी मागेल? पर्युषण संपलं की जैन मंडळी सगळ्यांची अशी क्षमा मागतात. मंगळवार पेठेत आमच्या शेजारचे भूपालअण्णा दरवर्षी मागतात. पण अंगावर गणवेश चढला की मला शेजार आठवत नाही.

मी सायकल अडवली. तिच्या नळ्या पोकळ! सीट उपसलं, बिजागरी उघडली, आत तार घालून बघितलं. तीन आठवडे, रोज, पाळी सुटतानाच्या गर्दीसमोर. मॅडमची बस रोज चुकायची. सापडलं काय? वंगण.

बातमीची बस मात्र चुकली नाही. मॅडमचे यजमान सम्मेद घरी पैंजण घडवतात. व्यापारी चांदी देतो ती घराच्या नावावर भरवसा ठेवून. चोरीची नुसती कुजबुज हुपरीत पोचली आणि दोन महिने त्या घरात कुणी चांदी दिली नाही.

मग निकेल सापडलं. दुसऱ्या भट्टीमागं, आपल्याच माणसांनी ठेवून विसरलेल्या पेटीत. मी रजिस्टरात "तपास बंद" असं लिहिलं. मॅडमना काही बोललो का? न्हाय. पुढच्या वर्षी त्याच पुन्हा हात जोडून आल्या. आणि मी, लाज वाटते सांगायला, मान हलवून म्हणालो, "असू दे, केलं माफ." त्यानंतरही दरवर्षी हेच.

संयोजकांनी बोलू दिलं, त्यांचे आभार. जास्त बोललो, अधिकउणं बोललो, त्याबद्दल सभागृहानं पोटात घालावं. पण मॅडम, तुम्ही जरा इकडं बघा. ज्यांच्यासमोर सायकल खोलली ती माणसं आज इथं बसलीत, म्हणून इथंच सांगतो. तुम्ही चोरी केली नव्हती. मला ते नऊ वर्षं ठाऊक हाय. माझ्या या बोलण्यावर तुम्हाला संशय घ्यायचा असला तर खुशाल घ्या, तो हक्क तुमचा आहे. पण मला क्षमा करा.