टिचबटणाचा न्यूमोनिया

...आणि वर हॉस्पिटलवाले मलाच म्हणतात, "अहो, शंभरात सत्त्याण्णव वेळा बरोबर येतंय, मग तुमच्या पोटात का दुखतंय?" पोटात का दुखतंय! तुम्हाला सांगतो, छातीचा एक्स-रे बघून न्यूमोनिया ओळखणारा हा प्रोग्रॅम मीच लिहिलाय. त्यासाठी लांब जाऊन शिकलो, तिथली नोकरी सोडून परत आलो. का? तर इथे फिल्म वाचणारे डॉक्टर कमी, माणूस बाकावर खोकत बसतो, त्याला वेळेवर निदान मिळावं... आणि आता मीच बोंबलतोय की हा चालू करू नका, तर ऐकायला कुणी तयार नाही! तुम्हीच सांगा, माणसानं चिडायचं नाही तर काय करायचं?

झालं काय, याला शिकवायला मी एक्स-रे मागितले. न्यूमोनियावाल्यांचे दिले वॉर्डातले, धडधाकटांचे दिले नोकरीआधीच्या तपासणीतले. आता वॉर्डातल्या प्रत्येकाच्या अंगात हॉस्पिटलचा गाऊन, त्याच्या खांद्यांवर धातूची टिचबटणं, आणि फोटोत ती दिसतात पांढरीशुभ्र! तपासणीवाले मात्र शर्ट काढून उभे. मग या दीडशहाण्यानं काय करावं? फुप्फुसाकडे ढुंकूनही पाहिलं नाही! बटण दिसलं की न्यूमोनिया, नाही दिसलं की ठणठणीत! परीक्षाही त्याच गठ्ठ्यातल्या फोटोंवर, मग सत्त्याण्णव येणारच! मला शंका आली म्हणून हा कुठे बघून निकाल देतो ती जागा फोटोवर लाल होईल असं करून पाहिलं, तर छाती सगळी काळी आणि दोन्ही खांदे लालभडक! खात्रीसाठी मी स्वतः गाऊन चढवून यंत्रासमोर उभा राहिलो. निकाल काय? "तीव्र न्यूमोनिया." मला! जिने धावत चढून आलेल्याला!

गेलो संचालकांकडे. म्हटलं, "सर, हा माणूस नाही तपासत, कपडे तपासतोय." तर खुर्चीत रेलून म्हणतात, "तुम्ही बाहेर शिकून आलेली मुलं ना, पौर्णिमेचा चंद्र दाखवला तरी मागून बघू म्हणाल. पंधरवड्यानं सोमवारी उद्घाटन आहे, पत्रिका वाटून झाल्या." पत्रिका वाटून झाल्या! म्हटलं, "सर, हा ज्याला बरा म्हणेल त्याचा फोटो डॉक्टर बघणारसुद्धा नाहीत, तो सरळ घरी जाईल!" तर म्हणे, "मग चांगलंच की! घरी जायला कुणाला आवडत नाही?" आता तुम्हीच सांगा... माणसानं चिडायचं नाही?

आणि त्याच आठवड्यात कोण खोकत यावं तिथे? माझी आत्या! जिनं मला लहानाचं मोठं केलं ती. आणि मला न सांगता आली. बाहेरून येणाऱ्याला गाऊन द्यायचा नाही, हा तिथला दंडक. तिला गुंडाळायला दिली साधी चादर. चाचणी म्हणून प्रोग्रॅम चालूच होता. "निरोगी!" पोरगेल्या डॉक्टरनं पडदा वाचला, फोटो नाही. "आजी, काही नाही, वाफ घ्या." संध्याकाळी बघतो तर तापानं फणफणलीय, दोन शब्द बोलली की धाप, आणि तोंडावर काय आनंद! "तुझ्या मशीननं सांगितलं, मला काही झालेलं नाही." म्हटलं, "आत्या, ते मशीन मूर्ख आहे, चल आधी!" तर म्हणते, "स्वतःच्या कामाला असं बोलू नये रे..." अक्षरशः उचलून नेली. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तोच फोटो उजेडासमोर धरला. "उजवं फुप्फुस खालून भरलंय. हिला घरी कुणी पाठवली?" काय सांगू, कुणी पाठवली?

दाखल केली. दाखल केली म्हणजे गाऊन आला, गाऊन आला म्हणजे टिचबटणं आली, दुसरा फोटो काढला आणि निकाल... "तीव्र न्यूमोनिया"! संचालक धावत वॉर्डात! "बघा! सुधारला की नाही?"

"सर, तो नाही सुधारला, हिचे कपडे बदलले!"

"अहो पण निदान बरोबर आहे ना?"

आणि आत्या, नाकात नळी, तशातही मलाच दटावते, "शिकतंय रे ते हळूहळू. सारखं ओरडू नकोस त्याच्यावर." चिडायचं नाही? चिडायचं नाही तर काय करायचं हो?

औषधं लागू पडली, आत्या वॉर्डात हिंडायफिरायला लागली, तेवढं एक बरं झालं. मी दारोदार अर्ज घेऊन फिरलो, उद्घाटन काही हललं नाही. येत्या सोमवारी फीत आत्याच कापणार आहे, प्रोग्रॅमनं वाचवलेली पहिली रुग्ण म्हणून. मी हात टेकले. म्हटलं, "बरं, निदान तो गाऊन तरी बदल, चांगलं काहीतरी घाल."

तर म्हणते, "नको बाबा. ऐन वेळी तुझ्या मशीननं मला ओळखलंच नाही तर?"